न बोलणाऱ्या देशाचं लाकूड

यार्डातला भुसा कितीही झाडा, कोपऱ्यात थोडा उरतोच. किश्श्यांचंही तसंच आहे. आखातात, हमरिया फ्री झोनमध्ये साळवीसाहेबांचं लाकडाचं यार्ड आहे. मी तिथे माल उतरवून घेतो आणि चहा करतो. लाकूड येतं फिनलंडहून. तिकडच्या कंपनीचा तिमो नावाचा माणूस येतो आणि दरवेळी एखादा किस्सा मागे ठेवून जातो.

साहेबांना त्या कंपनीची एजन्सी हवी होती. रास अल खैमाची एक मोठी पार्टीही तिच्या मागे होती. एजन्सी तिकडे गेली की आमचं यार्ड खलास, आणि आम्ही सगळे गावाला. साहेबांनी हे आम्हाला सरळ सांगून ठेवलं होतं.

*

पहिल्यांदा तिमो आला तेव्हा साहेबांनी आपला भाव सांगितला. तिमो गप्प. साहेबांना वाटलं, रागावला. त्यांनी भाव वाढवला. तरी गप्प. मग आणखी वाढवला. शेवटी तिमो म्हणाला, "मला पहिलाच चालला असता. मी विचार करत होतो."

"अहो, मग बोलायचं तरी!"

"तुम्ही बोलत होतात."

*

तिमोचं इंग्रजी माझ्यासारखंच, थोडं आणि सावकाश. त्यामुळे मला ते कळतं. निघताना साहेब सवयीने म्हणाले, "या एकदा घरी जेवायला." आपण म्हणतो तसंच. तिमोने डायरी काढली आणि विचारलं, "कधी?"

शनिवारी ठरल्या मिनिटाला बेल वाजली तेव्हा वहिनी अजून कोळंबी सोलत होत्या. मी मदतीला होतो. तिमो हात धुऊन आमच्याशेजारी बसला आणि सोलायला लागला.

वहिनी साहेबांना म्हणाल्या, "बघा. हा फिनलंडहून आला. तुम्हाला हॉलमधून येववत नाही."

*

एकदा जुलैत माल अडला. साहेब फोन करून थकले. शेवटी तिमोने मोबाइल उचलला. तो कुठल्याशा तळ्याकाठी होता.

"ऑफिसात कोण आहे?"

"कुलूप."

"अहो, मग तुमच्या देशात धंदा चालतो कधी?"

"ऑगस्टात."

*

साहेबांनी एका सकाळी माल विचारायला फोन लावला. आधी रीतीप्रमाणे, "कसे आहात?" तिमो जरा थांबला. मग म्हणाला, "बरा नाही. आई आजारी आहे."

साहेब खुर्चीत बसले. आईचं वय विचारलं, काय होतंय ते विचारलं. फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "साहेब, मालाचं काय म्हणाला?"

"राहू दे काका. उद्या विचारू."

*

एजन्सीचं ठरवायला तिमो आला, त्याच आठवड्यात आमचे दोन गठ्ठे उन्हात राहून तडकले होते. साहेब म्हणाले, "काका, मागच्या भिंतीला लावा आणि वर ताडपत्री टाका."

"बरं, साहेब."

तिमो यार्डभर फिरला. फळ्यांवरून हात फिरवला. मग मागच्या भिंतीशी आला आणि नुसता उभा राहिला.

"चहा घेऊ या?" साहेब म्हणाले. तिमो हलला नाही. साहेबांनी रुमालाने मान पुसली, भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"काका, काढा ती ताडपत्री." मग तिमोला म्हणाले, "हे तडकलंय. चूक आमची. उन्हात राहिलं."

तिमोने वाकून पाहिलं, मान डोलावली. ऑफिसात येऊन सगळा चहा प्यायला. मग बॅगेतून एजन्सीचे कागद काढून त्याने साहेबांपुढे ठेवले, वर पेन ठेवलं.

साहेब चाचरत म्हणाले, "पण ते तडकलेलं..."

"काल मी रास अल खैमाला होतो," तिमो म्हणाला. "ते म्हणतात, त्यांचं लाकूड आजवर एकदाही तडकलेलं नाही."