दुसरा भाग बाहेर गेलाय

पंचवटीत आमच्याकडे दर गुरुवारी वाचनालयाचे एक काका सायकलवरून पुस्तकं बदलून द्यायला यायचे. परत आलेलं पुस्तक आधी नाकाला लावायचे. "हे स्वयंपाकघरात वाचलंय, बरं का." ‘बरं का’शिवाय त्यांचं वाक्य संपत नसे.

आणीबाणी नुकतीच उठली होती. मला नाशिकरोडचा एक बौद्ध मुलगा पसंत होता, आणि त्याचं नाव घरात काढायचं नाही, असं वडिलांनी, म्हणजे नानांनी, बजावलं होतं. तेव्हा काकांनी नानांना एक जुनी, जाडजूड कादंबरी दिली. त्यातली मुलगी जातीबाहेर लग्न करायचं म्हणते, बाप अडून बसतो आणि तिथेच पहिला भाग संपतो.

नानांनी तो दोन दिवसांत संपवला. पुढच्या गुरुवारी ते दारातच उभे.

"दुसरा भाग बाहेर गेलाय, बरं का."

असे चार गुरुवार गेले. तो भाग काकांच्या पिशवीत तळाशी मला दिसत होता, पण मी कशाला बोलतेय? पाचव्या गुरुवारी नाना वैतागले. "अहो, तो बाप ऐकतो की नाही, तेवढं तरी सांगा."

"तुम्ही काय केलं असतं?" काकांनी विचारलं. त्या दिवशी ‘बरं का’ आलं नाही.

त्या रविवारी नानांनी नाशिकरोडच्या मुलाला चहाला बोलावलं.

लग्न ठरलं आणि दुसरा भाग आला. तो परत करताना नाना म्हणाले, "यातला बाप तर शेवटपर्यंत ऐकत नाही हो."

काकांनी पुस्तक नाकाला लावलं, पिशवीत टाकलं.

"म्हणून तर बाहेर गेला होता, बरं का."