हेलियम म्हणून भरलेले फुगे
परवा वांगं भाजताना हातावरची लव जळली आणि त्या वासानं मला भाचीचा हिंगणघाटातला वाढदिवस आठवला. हॉलच्या छताला गुलाबी फुगे टेकले होते आणि एक मोठा झुपका केकच्या टेबलाला बांधला होता. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, म्हणून सजावटवाल्याला आधीच विचारलं होतं, ‘यात कोणता गॅस हाये?’ तो म्हणाला, ‘हेलियम हाये मॅडम, टेन्शन नका घेऊ.’ मेणबत्त्या पेटल्या, पंख्याच्या वाऱ्यानं झुपका खाली झुकला आणि भपकन जाळ झाला. भाचीला ओढून घेताना बहिणीच्या भुवया आणि कपाळावरचे केस जळाले, कपाळही भाजलं. हेलियम कधीच पेटत नाही. मी तडक बाहेर त्याच्या टेम्पोपाशी गेले, तर सिलिंडरजवळ कॉस्टिक सोडा आणि ॲल्युमिनियमचा चुरा सांडलेला. म्हणजे हायड्रोजन तिथेच तयार केला होता. ‘खोटं काऊन बोलले?’ मी विचारलं. ‘हेलियम महाग पडते मॅडम, सगळेच हेच भरतात,’ तो शांतपणे म्हणाला. हेलियम जमिनीखालच्या नैसर्गिक वायूतून वेगळा काढावा लागतो, बाहेरच्या देशांतून आणावा लागतो, हे मलाही ठाऊक आहे. पण म्हणून काय लेकरांच्या डोक्यावर आग टांगायची? मी आत येऊन उरलेले सगळे फुगे ओढून अंगणात सोडून दिले, तर भाऊजी माझ्यावरच चिडले, ‘पोरीच्या वाढदिवसाले तमाशा कायले करून राह्यल्या?’ बहिणीच्या भुवया पुढे उगवल्या, कपाळावरचा डाग राहिला, आणि त्या घरात आजही सांगतात की तो वाढदिवस मावशीनं बिघडवला.