गेटवरचा ब्रूनो

आर्मीत सतरा वर्षं डॉग हँडलर होतो. हवालदार म्हणून रिटायर झालो आणि कुवेतला आलो. फहाहीलजवळ एका गोदामाच्या गेटवर ड्यूटी मिळाली. सोबत ब्रूनो, तीन वर्षांचा मॅलिनॉइस जातीचा कुत्रा. पहाटे ०५०० ला रिपोर्टिंग. ऊन चढायच्या आत ट्रक तपासून व्हायचे, कारण नऊनंतर डांबरावर कुत्र्याचे पाय भाजतात.

त्या दिवशी ०७१० ला ब्रेक झाला. मी गार्डरूमबाहेर बूट झटकत होतो. आत आलो तर बॅरियरचा रिमोट फरशीवर, चावून फुटलेला. ब्रूनो ओठ चाटत बसलेला.

तुकडे गोळा केले. बटनाएवढा सेल कुठेच नव्हता. टेबलाखाली, बुटांत, त्याच्या पट्ट्यात, सगळीकडे पाहिलं.

"कंट्रोल, डॉग वन. कुत्र्याने बॅटरी गिळली आहे. गाडी पाहिजे, आत्ता. ओव्हर."

"डॉग वन, कंट्रोल. गाडी येते. आउट."

गाडी सलीमभाईंनी आणली. रत्नागिरीचे, वीस वर्षं कुवेतला. ब्रूनोकडे बघून म्हणाले, "अहो, हा तर शेपूट हलवतोय. थोडं थांबून बघू या?"

"थांबायचं नाही. आतून जाळतो तो सेल."

"मग मीठ-पाणी पाजू या. उलटीत पडेल."

"नाही." माझा आवाज चढला. मी हळू बोललो, "उलटी झाली तर वर येताना पुन्हा जाळेल. मीठ तर नाहीच नाही. तुम्ही गाडी काढा."

दुसऱ्या गेटवरचा तसलाच रिमोट घेतला, डॉक्टरांना सेल दाखवायला. वाटेतून दवाखान्यात फोन केला: वजन तीस किलो, गिळून जास्तीत जास्त वीस मिनिटं, खायला-प्यायला काही दिलेलं नाही. सलीमभाईंनी रस्ताभर एकदाही हॉर्न वाजवला नाही. ब्रूनोचं डोकं माझ्या मांडीवर होतं. लाळ गळायला लागली होती.

०७५० ला एक्स-रे. सेल अन्ननलिकेत अडकलेला. भूल देऊन दुर्बिणीने काढला, ०८३५ ला. जखम झाली होती, आरपार नव्हती.

डॉक्टरीणबाई केरळच्या. हिंदीत म्हणाल्या, "लोग घर से नमक पिलाकर लाते हैं. आपको किसने सिखाया?"

"राणी ने," मी म्हणालो. त्यांना वाटलं, माझी बायको असेल.

राणी माझी पहिली लॅब्राडोर. जम्मूकडे रोड ओपनिंगला होतो, सुरुंगासाठी रस्ता तपासायला. रस्त्याकडेच्या खड्ड्यातलं काहीतरी तिने गिळलं. मला वाटलं, विष. व्हेटरनरी ऑफिसर दोन तासांवर. मी मग्यात मूठभर मीठ कालवलं. उलटी झाली नाही, म्हणून दुसरा मगा पाजला. ११०० ला झटके सुरू झाले. १६१० ला ती गेली.

पोस्टमॉर्टेम झालं. व्हेटरनरी साहेबांनी मला एकट्याला बाजूला घेतलं. "पोटात चामड्याचा तुकडा होता. पडून गेला असता. ती मिठाने गेली. पुन्हा कुणाला पाजू नकोस."

तिला केनेलमागे पुरलं. सलामी दिली. युनिटमध्ये सगळे म्हणाले, विष होतं. मी काही बोललो नाही.

दुसऱ्या मग्याला तिने तोंड फिरवलं होतं. मी म्हणालो, "राणी, पी."

ती प्यायली. माझा हुकूम तिने कधीच मोडला नव्हता.