वर्षाचा गहू आणि चौकशी समिती

अंबरनाथच्या कारखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालो आणि बदलापुरात, शिरगावातल्या आमच्या सोसायटीत, संसद समजावून सांगणारा माणूस झालो. मागणी कोणाचीच नव्हती.

त्या उन्हाळ्यात गहू निर्यातीच्या कायद्यावरून संसदेत रण पेटलं होतं. कायदा बरा की वाईट, हा वाद नव्हता; त्याची चौकशी करायची की नाही, हा होता. विरोधी बाक चौकशी मागत होते. सत्तेत असताना अशाच मागण्या त्यांनी हसण्यावारी नेल्या होत्या. सत्ताधारी म्हणत, चौकशी म्हणजे शेतकऱ्याचा अपमान. मग दोघेही एकमेकांच्या वाडवडिलांवर घसरत आणि कामकाज तहकूब होई. गहू झाडाला लागतो की जमिनीखाली, हेसुद्धा त्या चर्चेतून कळलं नसतं. मी मात्र टीव्हीसमोरून हललो नाही.

तळमजल्यावरच्या ताई पोळ्या लाटून घर चालवत. अर्धी सोसायटी त्यांची गिऱ्हाईक. वर्षाचा गहू वैशाखात उल्हासनगरच्या व्यापाऱ्याकडून आणायचा, गच्चीवर कडक ऊन द्यायचं आणि पावसाआधी कोठ्यांत भरायचा, ही त्यांची रीत. यंदा भाव चढलेला. त्यांनी मला जिन्यात गाठलं.

"काका, आत्ता भरू की थांबू?"

"थांबा. चौकशी लागली की निर्यात बंद, भाव धाडकन खाली."

"नक्की ना? गच्चीची पाळी जाईल माझी."

"अहो, सभागृहात ठराव आलाय!"

ठराव आला तसा बारगळला. अधिवेशन संपलं, आभाळ भरून आलं. ताईंनी अखेर चढ्या भावानेच गहू आणला, पण त्याला ऊन मिळालं नाही. श्रावणात कोठ्यांत किडे झाले. चाळून, निवडून त्यांनी पोळ्या केल्या. कुणाच्या तरी डब्यात कडवट लागल्या. ताई सडका गहू वापरतात, ही बातमी लिफ्टच्या आधी वरच्या मजल्यावर पोचली.

सोसायटीची सभा भरली. विषय, पोळ्यांची चौकशी करावी की नाही.

"चौकशी कशाला? डायरेक्ट बंद करा ना!"

"असं कसं? प्रोसिजर असते. समिती नेमा."

"अध्यक्ष काकाच. त्यांना संसद पाठ आहे."

ताई दाराशी उभ्या होत्या, माझ्याकडे बघत. मी घसा खाकरला आणि अध्यक्षपद स्वीकारलं.

समिती एकदाही बसली नाही. ताईंचं गिऱ्हाईक मात्र तुटलं आणि घर सोडून त्या कुळगावात भावाकडे गेल्या. परवा तिथे जाऊन मी माफी मागितली.

"मला काय सांगता, काका? मला ठाऊकच आहे," त्या म्हणाल्या. "ज्यांना नाही त्यांना सांगा की."

त्यासाठी सभा बोलवावी लागेल, कोरम लागेल, असं ओठांवर आलं होतं. गिळलं. तर शेजाऱ्यांनो, ताई आळशी नव्हत्या, लबाडही नव्हत्या. त्यांनी गहू वेळेवर भरला नाही, कारण मी भरू दिला नाही. यात चौकशी करण्यासारखं काही नाही.