ताईची पार्सलं

मीनलचा फोन आला तेव्हा इकडे पोलंडमध्ये सकाळ होती. सकाळची बुद्धवंदना नुकतीच आटोपली होती आणि विहारात, म्हणजे भाड्याच्या दोन खोल्यांत, मी एकटाच होतो. "मामा..." एवढंच ती म्हणाली, आणि मला कळलं. मीनल माझी सख्खी भाची. पण मी भिक्खूचं चीवर घेतलं त्या दिवसापासून ती मला 'भंतेजी' म्हणते; इतक्या वर्षांत तिच्या तोंडून 'मामा' ऐकलं नव्हतं. ताई गेली होती. सकाळी चहा पिताना छातीत कळ आली, शेजारच्यांनी रिक्षा आणेपर्यंत सगळं संपलं. मी फोन हातात धरून तसाच बसून राहिलो. शिकवण्याचा भाग म्हणून अनित्यतेवर मी किती बोललो असेन... त्या सकाळी त्यातलं एक वाक्यही जवळ आलं नाही. खिडकीबाहेर वितळत्या बर्फाचा चिखल झाला होता, आणि डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, की नागपुरात आता ऊन तापायला लागलं असेल आणि ताईने अजून कुलर बाहेर काढला नसेल.

ताई, सुलोचनाताई, महानगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. मी अगदी लहान असताना आई वारली. बाबा गिरणीत, कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी. मला न्हाऊ घालणं, शाळेत ओढत नेणं, पाढे म्हणवून घेणं हे सगळं ताईने केलं, तेव्हा ती स्वतः कॉलेजात जाणारी मुलगी होती. तिचं लग्नही नागपुरात आमच्याच इंदोरा वस्तीत, आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून झालं. "राजूले सोडून दूर नाही जात," असं तिने माझं नाव घेऊन पाहायला आलेल्या लोकांसमोर सांगितलं होतं म्हणे. आणि एवढं करून मी काय केलं, तर नागपूरला लागून असलेल्या वाडीतल्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसातली बरी नोकरी सोडून भिक्खू झालो. आजोबांनी दीक्षाभूमीवर धम्म घेतला, त्याचा आमच्या घरात अभिमान होता. पण घरातलाच मुलगा चीवर घालेल असं कोणाला वाटलं नव्हतं. ताई रडली नाही, अडवलंही नाही. दीक्षेच्या दिवशी रांगेत उभी राहिली आणि तिची पाळी आल्यावर, बारा-तेरा वर्षांनी लहान असलेल्या भावापुढे गुडघे टेकून तिने पंचांग प्रणाम केला. उठता उठता, फक्त मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "वाळला गा तू."

धम्मप्रचारासाठी मला परदेशी पाठवायचं ठरलं तेव्हा तिला नकाशात पोलंड शोधायची गरज पडली नाही. भूगोल तिचाच विषय होता. पण तिथे भारतीय मुलं गोदामांत कामं करतात, डिलिव्हरीसाठी सायकली चालवतात, आणि त्यांच्यातल्या काहींनी मिळून विहार काढलंय, यावर तिचा विश्वास बसत नव्हता. "अन् जेवाले कोण घालते?" हा तिचा पहिला प्रश्न. दुसऱ्याच महिन्यात पहिलं पार्सल निघालं. त्यात तुपातले लाडू होते. दुधातुपाचे पदार्थ टपालाने आणायची इकडे बंदी, ते कस्टमवाल्यांनी काढून घेतले आणि मला मिळाली जवसाची चटणी, खारोड्या, शेव आणि तुटलेल्या कुरडयांचा चुरा. आता भिक्खूचे नियम असे, की कोणी हातात दिल्याशिवाय आम्ही अन्न घेत नाही, दुपारी बारानंतर खात नाही आणि दुसऱ्या दिवसासाठी साठवून ठेवत नाही. पार्सल आलं दुपारी दोनला. नागपूरच्या मिहानमधल्या कंपनीतून बदली होऊन इकडे आलेला एक इंजिनीयर आमचा उपासक आहे. तो पार्सल स्वतःच्या घरी घेऊन गेला, दुसऱ्या दिवशी सकाळी भातासोबत ती चटणी त्याने माझ्या पात्रात वाढली आणि उरलेलं सगळं त्याच्या खोलीवरच्या पोरांनी संपवलं. हे मी ताईला फोनवर सरळपणे सांगितलं. पलीकडे भडका उडाला. "बाराच्या आत येणारं पार्सल मी कुठून आणू? आणि माह्या हातचं खायाले तुले मधे दुसऱ्याचा हात काहून लागते?" नियम आहे, ताई, मी म्हणालो. "नियम तं आहे, पण लाडूही गेले ना!" असं म्हणून तिने फोन ठेवला. लाडवांचं दुःख तिला नियमापेक्षा मोठं होतं. पुढच्या पार्सलमध्ये मात्र तुपाचा थेंब नव्हता.

मग आला स्वेटर. माझ्या चीवराच्या, कातासारख्या तांबूस रंगाची लोकर तिने सीताबर्डीचा अख्खा बाजार पालथा घालून मिळवली होती. भर मे महिन्यात कुलरसमोर बसून तिने तो विणला. घामाने सुया बोटांतून सटकायच्या, असं मीनल सांगायची. ताईला लोक म्हणत, बाई, एवढ्या उन्हात स्वेटर? त्यावर ती म्हणे, "ऊन इथं आहे, भाऊ तिथं आहे." तो स्वेटर मी एक हिवाळा घातला. पुढच्या हिवाळ्याच्या शेवटी शेजारच्या देशात युद्ध सुरू झालं आणि आमच्या शहराचं रेल्वेस्टेशन बायामुलांनी भरून गेलं. आमच्या उपासकांनी तिथे चहाचं टेबल लावलं होतं. मीही जाऊन उभा राहायचो. तिथे एक साठीची बाई भेटली, ओक्साना. घरातून निघताना अंगावर होतं तेवढ्यावरच आलेली, पातळ कोट, बोटं निळी पडलेली. मी स्वेटर काढला आणि तिला दिला. विचार करावा लागला नाही. तेव्हा कोणीही हेच केलं असतं.

अडचण पुढे झाली. ओक्साना आमच्याच शहरात राहिली, एका बेकरीत कामाला लागली आणि सुट्टीच्या दिवशी विहाराच्या स्वयंपाकघरात येऊन मदत करू लागली. एकदा मी ताईशी व्हिडिओवर बोलत असताना ती मागून गेली, अंगात तोच स्वेटर. ताईचं बोलणं अर्ध्यात तुटलं. "तो माहा स्वेटर होय काय?" मी हो म्हणालो, आणि का दिला तेही सांगितलं. त्यानंतर कित्येक आठवडे मी फोन केला की मीनलच उचलायची. "आई बाहेर गेली आहे, भंतेजी," ती म्हणायची आणि मागून ताईच्या भांडी आपटण्याचा आवाज यायचा. आपलं असं काही ठेवायचं नाही हे मी स्वीकारलं होतं. पण ज्या बाईने मला वाढवलं, तिला तर मी विचारलं नव्हतं...

इकडे उन्हाळा लागता लागता ताईचाच फोन आला. नमस्कार नाही, कसा आहे नाही. "ती बाई किती उंच आहे गा? अन् हात केवढे आहे तिचे?" मला आधी समजेना. "अगा, हातमोजे कराले माप नको काय? स्वेटर घातला, पण हात तं उघडेच होते तिचे. मी पाह्यलं ना." एवढ्या दिवसांच्या रुसव्यात ती त्या उघड्या हातांकडेच पाहत होती.

तिथून पार्सलांचं रूपच पालटलं. माझ्यासाठी म्हणून त्यात काही येईना. चटणी यायची ती गोदामातल्या पोरांसाठी, कानटोप्या सायकलवाल्यांसाठी, मोजे ओक्सानाच्या शेजारणीसाठी. फोनवर ताई प्रश्नांच्या फैरी झाडायची. कोणाला मूल झालं, कोणाची नोकरी सुटली, कोणाचं डोकं मोठं आहे. कधी कधी मला इथली माणसं तिच्या प्रश्नांमुळे कळली. अमुक पोरगा दोन रविवार आला नाही, हे मी विसरायचो. ती विचारायची, मग मी त्याच्या खोलीवर जाऊन यायचो. एकदा असाच गेलो तर तो तापाने फणफणत एकटा पडला होता. मी इथे प्रवचनं देतो. लोक माझ्याकडे कशाने आले हे मात्र मला ठाऊक आहे... आधी त्यांना ताईच्या टोप्या मिळाल्या होत्या.

गेल्या हिवाळ्यात मी नागपूरला गेलो. निघताना ओक्सानाने माझ्या पिशवीत एक पुडकं ठेवलं आणि खुणेने सांगितलं, तुझ्या बहिणीला. ताईच्या घरी मी ते तिच्यापुढे ठेवलं. "काय आहे?" "तुझ्यासाठी पार्सल आहे." "मले? मले काहून कोण पाठवीन?" मग पदराला हात पुसून तिने दोरी सोडली. आत मधाची बरणी होती आणि कडेला लाल-काळ्या धाग्याने भरतकाम केलेला पांढरा कापडी पट्टा, त्यांच्याकडे लग्नकार्यात वापरतात तसला. ताईने तो उलटा केला, चष्मा नाकावर सरकवला आणि मागचे टाके बोटाने चाचपले. "पाह्य वं मीनल, मागून एक गाठ दिसून नाही राहिली." जन्मभर तिने लोकांना पाठवलं. तिला टपालाने, हाताने, कोणाकरवी, काही आलेलं मला तरी आठवत नाही. मग तिने फोन लावायला लावला. पडद्यावर ओक्साना आली. ताई वऱ्हाडीत बोलली, ओक्साना तिच्या भाषेत, आणि मधे मी काही सांगायला गेलो तर ताई म्हणाली, "तू चूप राह्य." दोघींनी आपापले हात पडद्याला लावून दाखवले, बोटं वाकडी झालेली, सांध्यांवर सूज. दोघीही हसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला भोजनदान दिलं. भाकर, वांग्याची भाजी, आणि पात्राच्या कडेला तो मध. पाटावर बसलेल्या मला तिने रीतीप्रमाणे वाकून वाढलं. मग समोर बसून मी खाताना पाहत राहिली. "आज मधे कोणाचा हात नाही लागला," ती म्हणाली. मी पात्रातलं सगळं संपवलं. आमची तीच शेवटची भेट.

अंत्यविधीला मी पोहोचू शकलो नाही. नंतरच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या, कार्यक्रमाला गेलो. परित्राणपाठ मीच म्हटला. लोक पांगल्यावर मीनल म्हणाली, आईची खोली पाहता का? मला वाटलं रिकामी खोली असेल. दार उघडलं तर कुलर घरघरत होता आणि ताईच्या खाटेवर, खाली चटईवर, वस्तीतल्या सात-आठ बायका बसल्या होत्या. सगळ्यांच्या मांडीवर लोकर. त्या उठायला लागल्या, मी बसवलं. तेव्हा मला समजलं की इतकी वर्षं ज्या टोप्या आणि मोजे मी 'ताईचे' म्हणून वाटत होतो, त्यातले अर्धे या बायकांनी दर दुपारी इथे बसून विणले होते. ताईने कधी सांगितलं नाही. मी विचारलंही नव्हतं.

"भंतेजी, यंदा कोणाकोणाले लागते, सांगा," त्यातली एक म्हातारी म्हणाली. मी आठवेल तसं सांगत गेलो, ही उंच, तो बारीक, त्याचं बाळ आता चालतं. मीनल वहीत टिपत होती. शेवटी ती म्हातारी म्हणाली, "अन् तुमचं? तुमचं माप कधी भेटलंच नाही आमाले. ताई म्हणे, त्याले विचारू नका, तो नकोच म्हणते."

भिक्खूच्या अंगाला बायका हात लावत नाहीत, म्हणून टेप मीच मागून घेतली. छातीभोवती गुंडाळली, मग खांद्यापासून मनगटापर्यंत धरली, आणि दोन्ही आकडे मोठ्याने सांगितले. म्हातारीने सुयांवर नवी घरं घालायला सुरुवात केली.