बाजरीचा डबा आणि शेजारची ज्वारी

सिद्धेश्वरच्या धरणावर लोक गळ्यात तोफेएवढे कॅमेरे अडकवून पक्षी टिपायला येतात. मीही एकदा गेलो होतो. तिथं चालावं लागतं, चिखल असतो आणि पक्षी नेमके पलीकडच्या काठाला बसतात. मी पडलो शिक्षक. आपण कुणाकडे जाण्यापेक्षा सगळ्यांनी आपल्यासमोर येऊन बसावं ही जन्माची सवय. तेव्हा पक्ष्यांनाच परसात बोलवायचं ठरवलं.

सेनगावच्या रस्त्याला, गावाच्या टोकाला आमचं घर. मागे परस, परसात कडुनिंब, त्याखाली भांडी घासायचा दगड आणि तारेच्या कुंपणापलीकडे शेजारच्या मावशींची ज्वारी. ही ज्वारी तुम्ही लक्षात ठेवा. मी ठेवली नव्हती.

मोबाइलवर बघून बघून मी तेलाच्या रिकाम्या कॅनला खिडक्या पाडल्या आणि आत दाणे घालून तो निंबाला टांगला. मातीच्या परळात पाणी ठेवलं. आपण दिसू नये म्हणून सैन्याच्या गणवेशासारखं हिरव्या ठिपक्यांचं कापड मागवलं, त्याचा तंबू केला आणि आत खुर्ची टाकून बसलो. पंधरा दिवसांत दोन पाहुणे आले. एक खार, आणि एक मावशींची कोंबडी, तीही चुकून. इकडे बायको भांडी घासत होती आणि तिच्या पायाशी चिमण्या, साळुंक्या शितं टिपत होत्या. मी तंबूतून दबक्या आवाजात तिला म्हणालो, जरा आवाज कमी कर, पक्षी बुजतात. तिनं मान वर न करता सांगितलं, "तुमी भायेर निघा, मंग येतील. त्यांना वाटून राहिलं आत म्हैस बसली."

त्या काळातले माझे फोटो आजही जपून ठेवले आहेत. प्रत्येक फोटोत एक फांदी आहे, जिच्यावरून पक्षी नुकताच उडाला आहे. रिकाम्या फांद्यांचा एवढा मोठा संग्रह आमच्या जिल्ह्यात दुसऱ्या कुणाकडे नसावा.

मग मी हात सैल सोडला. कॅन काढून फेकला, पत्र्याच्या डब्यात बाजरी भरली आणि रोज सकाळी शाळेत जाण्याआधी डबा खडखड वाजवून ओंजळी-ओंजळीनं परसात उधळू लागलो. आधी चिमण्या आल्या. मग होले, मग मुनिया, सुगरणी, राघू. महिनाभरात असं झालं की डबा तीनदा वाजला की थवा आभाळातून ओतल्यासारखा खाली यायचा. शाळेची घंटा ऐकून मुलं इतक्या तत्परतेनं कधी आली नाहीत. फोटोही निघाले. एका हातानं डबा वाजवत काढल्यामुळे ते हलले एवढंच.

संक्रांत गेली आणि मावशींच्या कणसांत दूध भरलं. आमच्या शिवारात आता कुणी ज्वारी पेरत नाही. जिकडे तिकडे हळद, हरभरा. ज्वारीचा तुकडा एकच, मावशींचा. त्यातलं बी त्यांच्या सासूच्या हातचं, दरसाल राखेत घालून मडक्यात जपलेलं. त्याच्या आदल्या वर्षी मडक्यात उंदीर शिरले होते. उरलं तेवढं सगळं मावशींनी त्या साली पेरून टाकलं होतं. म्हणजे हे पीक गेलं की ते वाणच गेलं. हे सगळं त्यांनी कुंपणापाशी उभं राहून माझ्या बायकोला कितीदा तरी सांगितलं होतं. मी तेव्हा तंबूत होतो.

एके सकाळी मावशी हातात गोफण घेऊन कुंपणाशी आल्या.

"सर, औंदा पाखरं काहून एवढे झाले वो?"

माझ्या तळहाताला तेव्हा बाजरीचे दाणे चिकटलेले होते. मी हात पाठीमागे घेतला आणि त्यांना बदलतं हवामान, औषधांच्या फवारण्या, पक्ष्यांचं स्थलांतर असं सगळं समजावून सांगितलं. चांगला अर्धा तास म्हणता येईल इतकं. शाळेतही एवढं मन लावून कधी शिकवलं नाही.

"असंल," मावशी म्हणाल्या. "शिकल्यासवरल्याला कळतं बाप्पा."

बायको मागे ताट हातात धरून उभी होती. संध्याकाळी भाकरी वाढताना तेवढं म्हणाली, "तुमी सांगता का मी सांगू?"

मी म्हणालो, आधी उपाय करतो, मग सांगतो. उपाय साधा होता. बाजरी बंद. दुसऱ्या दिवशी सगळी मंडळी निंबावर वाट बघत बसली, तंबूकडे बघून झालं आणि मग ओळीनं तार ओलांडून ज्वारीत उतरली. दुपारपर्यंत कुंपणाकडची ओळ दाणे टिपलेली नुसती बोंडकं घेऊन उभी. घाबरून मी बाजरी पुन्हा सुरू केली. आता पाखरं आधी बाजरी खायची, माझ्या परळातलं पाणी प्यायची आणि तोंड गोड करायला ज्वारीत जायची.

राहता राहिली राखण. रविवारी मी मावशींना म्हणालो, आज तुम्ही बसा, पाखरं मी हाकतो. मावशींना गहिवरून आलं. त्यांनी मला गोफण दिली. माझा पहिलाच दगड मागच्या बाजूला, त्यांच्या गोठ्याच्या पत्र्यावर पडला, तेव्हा त्यांनी गोफण हळूच काढून घेतली आणि खडे घातलेला पत्र्याचा डबा हातात दिला. म्हणाल्या, नुसता वाजवा, जवळ येत नाहीत मग.

मी माळ्यावर चढलो, चार मेढींवर फळ्या टाकलेल्या असतात तो राखणीचा माळा. कॅमेरा गळ्यात होताच. सगळी ताकद लावून डबा वाजवला.

खडखड, खडखड, खडखड.

मग निंबावरून, विजेच्या तारांवरून, नाल्याच्या पलीकडून पाखरं आली. मला वाटलं आपला जोर कमी पडला, म्हणून आणखी वाजवला. आणखी आली. दोन चिमण्या माळ्याच्या फळीवर बसून माझ्या हाताकडे बघू लागल्या.

मावशी खाली उभ्या होत्या. त्यांनी पाखरांकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, मग कुंपणापलीकडच्या हिरव्या तंबूकडे पाहिलं.

"सर, हे तर तुमच्या वळखीचे दिसून राहिले."

मी खाली उतरलो आणि सगळं सांगितलं. हवामानाचं खोटं होतं हेसुद्धा. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या बांधावर बसल्या.

"पाखरू खाणारच. खाऊ द्या. पर बीच न्हाई ऱ्हायलं तर सासूला काय सांगू?"

सासूबाई जाऊन कैक वर्षं झाली होती, पण तो मुद्दा काढायची ती वेळ नव्हती.

बायको कुंपणाशी येऊन ऐकत होती. ती मागे फिरली, माझा तंबू उपटला आणि कात्री घेऊन बसली. दुपारपर्यंत शिलाई मशीनवर लेकराच्या टोपड्यांसारख्या पिशव्यांचा ढीग पडला. मावशी ओळीतून फिरत चांगलं टपोरं कणीस बोटानं दाखवायच्या, मी त्याला टोपडं घालून सुतळी बांधायचो. दुसऱ्या दिवसापासून बाजरीचा डबा नाल्यापलीकडच्या पडीक रानात गेला. कापणी होईपर्यंत रोज सकाळी मी तिथं जाऊन तो वाजवला. म्हणजे शेवटी चालावं लागलंच. चिखलही होता.

कापणीला उघडी कणसं अर्धीमुर्धी निघाली, टोपड्यातली भरलेली. मावशींनी ती हातावर चोळली, फुंकर मारून कोंडा उडवला, राखेत घोळवून मडकं भरलं आणि झाकणावर चांगला पाटा ठेवला. मग एक मूठ माझ्या हातात दिली.

"परसात पेरा. बोलावता येतं तुमाला, मंग राखून बी बघा."

यंदा परसात चार ओळी ज्वारी आहे, दुधात आलेली. मी सकाळपासून तिच्यात उभा असतो. डबा वाजवायची सोय नाही, म्हणून टाळ्या वाजवतो. परवा बायकोनं स्वयंपाकघराच्या खिडकीतून मोबाइलवर फोटो काढला. मी मधोमध, टॉवेल हवेत, तोंड उघडं आणि भोवतीच्या एकेका कणसावर मुनिया, छातीवरचे ठिपके मोजून घ्यावेत इतक्या स्पष्ट. आमच्या परसातला पक्ष्यांचा हा एकमेव नीट फोटो.

मावशींनी तो बराच वेळ बघितला.

"बुजगावणं चांगलं झालं," त्या म्हणाल्या, "पर उपेग काय?"

मग स्वतःच तार वाकवून आत आल्या आणि कोणत्या कणसाला टोपडं घालायचं ते बोट लावून सांगू लागल्या.