न दिलेलं आवतन

गेल्या सोमवारपर्यंत हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, पाठच्या बहिणीला नाही. अकरा वर्षं झाली. आणि मी काही मुकी बाई नव्हे हो — देवणीच्या शाळेत एकोणतीस वर्षं पोरांना घसा फोडून शिकवलंय, स्टाफरूममध्ये माझ्यापुढं कुणाची टाप नव्हती बोलायची. पण ही एक गोष्ट आली की तोंडाला कुलूप.

मग आताच का? खरं सांगू — रिकामी आहे म्हणून. हे वर्ष कसं गेलं ते कळलंच नाही. जूनमध्ये रिटायर झाले. लगोलग पोराला हैदराबादला नोकरी लागली, त्याचं बिऱ्हाड लावून दिलं. गौरी-गणपती उरकतात न उरकतात तोच सासूबाई गेल्या. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. मग देवणीचं घर बंद करून आम्ही दोघं लातूरला फ्लॅटमध्ये आलो. धावपळ होती तोवर बरं होतं. आता सकाळी नऊलाच सगळं आवरून होतं. गॅलरीत बसते, चहा गार होतो, आत्याबाई आठवतात. आणि त्यांच्याही आधी शांता आठवते.

शांता माझी नणंद. तिनं स्वतःच्या मनानं परजातीत लग्न केलं, आणि सासऱ्यांनी तिचं नावसुद्धा घरात काढायचं नाही म्हणून बजावलं. सहा वर्षं कुणी काढलं नाही. सासरे वारले, आणि त्याच वर्षी येळवशीच्या तोंडावर आत्याबाई मऊ पडल्या.

येळवस तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगते. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडं सगळे शेतात जेवायला. गावात चिटपाखरू राहत नाही. हिरव्या दाण्यांची बेसन लावून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, आणि ज्वारीचं पीठ ताकात आंबवून केलेलं आंबील. वाटेनं जाणाऱ्यालाही हाका मारून बसवतात. पण लेकीबाळींना आवतन घरच्या माणसानं दारात जाऊन द्यायचं, ही आत्याबाईंची रीत. फोनवरचं आवतन त्या आवतन मानायच्या नाहीत. मला त्या आठवड्यात ट्रेनिंगला लातूरला जायचं होतं. त्यांनी शांताचा तिथला पत्ता कुणाकडून तरी लिहून आणवला होता, तो माझ्या पर्समध्ये ठेवला आणि निरोप सांगितला. दोनदा सांगितला.

मी गेले की! गल्लीपर्यंत गेले. शांताचं दार उघडं होतं. दोरीवर लहान पोरीचे फ्रॉक वाळत होते. आतून तिचा आवाज येत होता — हसत हसत कुणाला तरी रागवत होती. वीस पावलं राहिली असतील. तेवढीही नसतील. मी उभी राहिले, आणि माघारी फिरले. स्टँडवर येऊन उसाचा रस प्याले आणि देवणीची गाडी धरली.

आत्याबाई वाटच बघत होत्या. म्हटलं, भेटली, पण येत नाही म्हणाली.

का? माझं काय घोडं मारलं होतं तिनं? काहीच नाही. उलट नवी नवरी म्हणून आले तेव्हा या घरात मला सांभाळून घेतलं ते तिनंच. मग? ऐका आता — मी चौथीत असताना माझी आई गेली. शांता घरातून गेल्यावर दर रविवारी आत्याबाई माझ्या डोक्याला तेल लावायच्या. पाय पसरून बसायच्या, ये गं माय, म्हणायच्या. आधी तिथं शांता बसायची. ती परत आली असती तर मी पुन्हा नुसती सून झाले असते. मला ते नको होतं. जातीचं कारण मी मनाला देऊन पाहिलं, लोक काय म्हणतील हेही देऊन पाहिलं. सगळं खोटं. मला हेवा वाटला, आणि मी आईपासून लेक तोडली.

आत्याबाईंनी परत कधी विषय काढला नाही. नवरा म्हणाला, तिला यायचं नाही तर राहू दे. दोघी मायलेकी एकापेक्षा एक मानी. एकीला वाटलं लेकीनं तोंड फिरवलं, दुसरीला वाटलं आईनं टाकलं. आणि मी दर रविवारी तेल लावून घेत राहिले.

आत्याबाई गेल्या तेव्हा नवऱ्यानं फोन केला म्हणून शांता आली. जाताना माझे हात धरून म्हणाली, "वैनी, तुम्ही लई केलं आईचं. मला तर तिनं एकदाबी बोलावलं न्हाई." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. फिरवला हो मी! काय म्हणावं असल्या बाईला?

सोमवारी दुपारी तिच्याकडं गेले. आमच्या फ्लॅटपासून रिक्षानं दहा मिनिटं. ती तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मीही दोन मुठी सोलल्या, मग सांगून टाकलं — आत्ता तुम्हाला सांगितलं तसंच, तेलासकट.

ती ओरडली नाही. शेंगांचं ताट बाजूला सारलं आणि एवढंच विचारलं, "काय म्हणली होती आई? तिच्याच बोलीत सांगा."

"पोरीला म्हणावं, तुझ्या वाटचं आंबील झाकून ठिवते. उशीर झाला तरी ये."

ती म्हणाली, "ठिवलं होतं का?"

ठेवलं होतं. ती येणार नाही असं मी सांगितलं होतं, तरी ठेवलं होतं. मातीच्या लोटक्यात, वर पळसाचं पान. दिवस कलेपर्यंत आत्याबाईंनी कुणाला हात लावू दिला नाही. गाडी जुंपल्यावर त्यांनी ते माझ्यापुढं केलं — घे, तूच पी माय, म्हणाल्या.

आणि मी प्याले. उभ्या उभ्या, सगळं. हेही शांताला सांगितलं.